जिन्याखालच्या खुणा

टेकडीवरच्या बंगल्याची छापील माहितीपुस्तिका माझ्यासमोर आहे. गुळगुळीत कागद, बत्तीस पानं. बंगला बांधणाऱ्या गिरणीमालकाच्या मिशांना त्यात अख्खं पान दिलंय. माझ्या मामाला एक ओळ नाही. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं.

मामा सुतार. सगळे त्याला पाचरमामा म्हणतात, कारण बंगल्याचा जिना. एकतीस पायऱ्या, आणि एक खिळा नाही. प्रत्येक फळी दोन्ही बाजूंच्या खाचांत बसवलेली आणि खालून लाकडी पाचर ठोकून घट्ट केलेली. उन्हाळ्यात लाकूड सुकलं की पाचरी ढिल्या होतात. मग जिन्याखालच्या गुडघाभर उंचीच्या दारातून आत सरपटायचं, उताणं पडायचं, बासष्ट पाचरी ठोकायच्या आणि प्रत्येक पायरीच्या पोटाला पेन्सिलीनं एक रेघ ओढायची. सुरुवातीच्या रेघा आजोबांच्या, नंतरच्या एक्केचाळीस मामाच्या.

त्यामुळे बंगल्याचे मालक आमच्या घरानं कायम खालून पाहिले. गिरणीमालक आजोबांच्या वेळचा. डाव्या हातानं काठी आपटत उतरायचा, म्हणून डावीकडच्या पाचरी आधी सुटायच्या. त्याच्या मुलानं गिरणी बुडवली आणि बंगला एका निवासी शाळेच्या गळ्यात मारला. दीडशे पोरं जिन्यावरून धडाधड उड्या मारत उतरायची. "तेव्हा वर्षातून दोनदा आत शिरायला लागायचं," मामा हे कौतुकानं सांगतो, तक्रार म्हणून नाही. पुढे शाळा बंद पडली आणि हॉटेलवाल्या बाई आल्या.

बाई मनानं चांगल्या आहेत असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांनी सगळ्यात आधी काय केलं, तर पुस्तिका छापली. त्यात लिहिलं, 'शंभर वर्षांत कुणाचाही हात न लागलेला जिना.' कुणाला विचारलं नाही, खाली वाकून पाहिलं नाही. आणि छापलं ते छापलं, वर स्वतःच त्यावर विश्वास ठेवला!

उन्हाळ्यात मामा नेहमीसारखा हत्यारांची पिशवी घेऊन गेला, तर मॅनेजरनं त्याच्यापुढे ते पान धरलं.

"काका, वाचा. याला दुरुस्ती कधी लागलीच नाही. हात लावाल तर बिघडेल."

"अहो, दरवर्षी मीच लावतो की हात."

"मग इथे कसं छापलंय?"

मामा पिशवी उचलून घरी आला आणि हे सगळं सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हॉटेलच्या उद्घाटनाला दोनशे पाहुणे त्याच जिन्यानं वरच्या दालनात जाणार होते. मामाचं जेवणात लक्ष लागेना. "सातवी आणि अकरावी," एवढंच म्हणायचा. "त्या दोन आधी सुटतात."

"पडू दे ना एखादा," मी म्हटलं. "डोळे उघडतील त्यांचे."

मामा माझ्यावर एवढा कधीच चिडला नव्हता. "पाहुणा रिकाम्या हातानं, कठडा धरून चढतो. पडेल ती ट्रे घेऊन चढणारी पोरगी. कळलं?"

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी आम्ही मागच्या दारानं शिरलो. स्वयंपाकी त्या शाळेतच शिकलेला. मामाला बघून त्यानं मुकाट्यानं कडी काढली. मामा आत सरपटला, मी बॅटरी धरली. अकराव्या पायरीची पाचर बोट लावताच हातात आली. मामानं ती मला नुसती दाखवली आणि परत बसवून ठोकली. शेवटच्या पायरीची रेघ ओढून होतेय तोवर ठकठक ऐकून बाई धावत आल्या.

"काय चाललंय हे?"

"या ना, आत या!" मी ओरडलोच. "बघा शंभर वर्षं कुणाचा हात लागला नाही ते!"

बाई कडक इस्त्रीच्या कपड्यांसकट गुडघ्यांवर बसल्या. रेघांवर उजेड फिरवला. त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, चला, एकदाचं उमगलं.

"किती सुंदर! म्हणजे मालक स्वतः दरवर्षी खूण करायचे?"

"मालक नाही हो. माझे वडील. मग मी," मामा म्हणाला.

पण बाई तोवर मॅनेजरला हाका मारत होत्या.

उद्घाटन झालं. जिना कुरकुरलासुद्धा नाही. महिन्याभरात सुधारलेली पुस्तिका आली, तीच ही. पान नऊ: 'गिरणीमालकांनी स्वहस्ते ओढलेल्या रेघा.' गिरणीमालकाला जाऊन साठ वर्षं झाली. शेवटची रेघ त्या सकाळची आहे, माझ्या डोळ्यांदेखत ओढलेली!

मी मामाला घेऊन तावातावानं बंगल्यावर गेलो. भांडायचं ठरवूनच गेलो होतो. जिन्याखालचं ते दार काढून तिथे जाड काच बसवली होती, आत दिवा सोडला होता, रेघा नीट दिसाव्यात म्हणून. मी पान नऊ उघडून मामापुढे धरलं. त्यानं ते बघितलंही नाही. खाली बसून त्यानं काचेच्या चारही कडांवरून बोट फिरवलं. बिजागरी नव्हती, कडी नव्हती. चारी बाजूंनी पक्की चिकटवलेली.

"अरे," तो म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यात आत शिरायचं कुठून?"

तेवढ्यात कपबश्यांचा ट्रे घेऊन एक मुलगी जिना चढायला लागली. ती आठव्या पायरीवर पोचेपर्यंत मामानं तिच्या पावलांवरची नजर काढली नाही. मग अकरावीकडे बघू लागला.