रंजिता मॅडमचा डोंगर

विदारण, क्षरण, संचयन. हे तीन शब्द मी लहानपणी गावच्या शाळेत घोकले. गुरुजी टेबलावर रूळ आपटायचे आणि आम्ही बोंबलायचो. त्यांचा अर्थ मात्र कळला एकाहत्तराव्या वर्षी, नात रुचीच्या शाळेच्या अंगणात, चिखलात उभं राहून. उशीर झाला खरा, पण मजा अशी आली की काय सांगू.

ही करामत रंजिता मॅडमची. मॅडम कुडवा गावच्या. रोज स्कूटीवर कामठा गाव ओलांडून आमच्या गावात येतात. वडील राईस मिलमध्ये पोती वाहायचे, आई लोकांच्या शेतात चिखलात वाकून धानाचा रोवणा करायची. अशा घरची पोर चिखलाला कशाला भिते?

जुलैत भूगोलाचा तो धडा आला. दुसरा एखादा मास्तर फळ्यावर उतरवून मोकळा झाला असता. मॅडमनं सातवीच्या पोरांकडून अंगणात कमरेएवढा मातीचा ढीग रचवला. एका उतारावर हरळी लावली, दुसरा उघडा ठेवला. दोन्हींच्या पायथ्याशी रंगाचे रिकामे डबे पुरले. पोरांना मुठीत चुरा होणारा मुरूम आणायला लावला आणि सांगितलं, हा कधीकाळी खडकच होता, ऊन-पाण्यानं त्याची ही गत केली, हेच विदारण. पुस्तकात दोन पानं, मॅडमचे पंधरा दिवस. रुचीचा गणवेश धुऊन धुऊन सुनेचे हात दुखले, तरी पोरगी सुट्टीच्या दिवशीही शाळेत जायला निघायची.

शाळा समितीचा अध्यक्ष केवलराम. त्याला हे पटेना. पंधरा ऑगस्टला पाहुणे येणार आणि झेंड्यापुढं हा उकिरडा. त्यानं सभा बोलावली. मीही समितीवर आहे, तिथं आजवर चहा पिण्यापलीकडं काही केलेलं नाही. केवलराम म्हणाला, शनिवारपर्यंत ढीग उचला, नाहीतर मॅडमच्या बदलीचा अर्ज वर जाईल. कागद तयारच होता. नऊ जणांतल्या पाच सह्या हव्या होत्या.

मॅडमनं वाद घातला नाही. सगळ्यांना अंगणात नेलं आणि झारी केवलरामच्याच हातात दिली. त्यानं दोन्ही उतारांवर सारखं पाणी ओतलं. हरळीकडच्या डब्यात नितळ पाणी आलं, उघड्याकडच्या डब्यात घट्ट चहा. मग मॅडमनं आदल्या दिवशी अशाच गढूळ पाण्यानं भरून ठेवलेली काचेची बरणी दाखवली. तळाला जाड रेती, वर बारीक गाळ, थरावर थर.

मॅडमनं ढिगापाशी काम करत असलेल्या रुचीला विचारलं, गावात असं कुठं होतं? पोरगी बेधडक बोलली, "आमच्या आबाजीनं शेताच्या धुऱ्यावरचं गवत औषध मारून जाळलं. तिथली माती खाली केवलरामकाकाच्या धानाच्या बांधीत जाऊन बसून राहिली."

सगळे हसले. सगळ्यांत जास्त मी. तीन वर्षं मी धुऱ्यावर फवारा मारत होतो आणि बांध का खचतो म्हणून घुशींना शिव्या देत होतो. फुकटची माती केवलराम खात होता.

केवलराम मात्र अडून राहिला. "खेळ झाला ना, मॅडम? आता उचला हे."

"नाही उचलणार, भाऊ. पावसाळा संपेपर्यंत पोरं याचं मोजमाप घेतील. अर्ज पाठवायचा तर पाठवा, पण मी काय शिकवते तेही त्यात पुरं लिहा. अर्धं नको."

आवाज चढला नाही की खाली आला नाही. बदली म्हणजे जिल्ह्याच्या पार गडचिरोलीकडच्या टोकालाही होऊ शकते, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही.

कागद फिरला. तिघांनी सह्या केल्या. दोघांनी चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं, त्यातल्या एकाचा तर कपाळावरच होता. मग कागद माझ्यापुढं आला. केवलराम कानाशी वाकला, "उदारामभाऊ, तुमच्या शेतातलं जास्तीचं पाणी माझ्याच बांधीतून उतरते, ध्यानात ठेवा."

उभं आयुष्य मी दाखवतील तिथं सही केली आहे. पण समोर रुची उभी होती, चिखलानं कोपरापर्यंत माखलेली, आणि मॅडम माझ्याकडं बघतसुद्धा नव्हत्या.

"अडव पाणी," मी म्हटलं. "सही नाही करत."

उरलेल्या तिघांनाही मग कंठ फुटला, तेही नाही म्हणाले. केवलरामनं कागद खिशात घातला आणि एकटाच पाठवीन म्हणाला. मॅडम म्हणाल्या, पाठवा, सोबत फोटो जोडा, मी तुम्हाला व्हॉट्सॲपवर टाकते.

सोमवारी त्यांनी पहिल्याशेजारी दुसरा ढीग रचायला घेतला. याच्या उतारावर बांध घालून पाहायचे होते. माती वाहणाऱ्यांत केवलरामचा नातूही होता.

पंधरा ऑगस्टला पाहुणे आले. दोन ढिगांच्या मधल्या चिखलाच्या गल्लीतून एकेक करत झेंड्यापाशी गेले. त्यांच्यापुढं अध्यक्ष चालत होता, पांढरा पायजामा दोन्ही हातांनी गुडघ्यापर्यंत वर धरून.