आत्याच्या दोन म्हशी

शहाडच्या पलीकडे, नदीकाठच्या आमच्या गावात आत्याने दोन म्हशी ठेवल्या होत्या. आसपास इमारती आल्या, तरी तिचा गोठा होता. पूर आला तेव्हा ती कळव्याला लेकीकडे अडकली होती आणि घरी मी एकटाच होतो.

तिचा फोन आला. "बाबू, पाणी आत शिरलं की दावी कापून टाक. म्हैस पोहते, जाते बरोबर."

कोयता घेऊन मी निघालो, तेव्हा शेजारच्या गच्चीवरून एकाने हटकलं. "अरे, सोडतोस कुठं? मागच्या पुरात आमची वाहून गेली. ढोरच नाय दिसलं, मग पंचनामा कसला? कानातला बिल्ला दाखवायला लागतो. बांधलेली मेली तर निदान मदत तरी मिळते."

पाणी गुडघ्याला होतं. मी थांबलो. इतक्या ओढीत त्या कुठे टिकणार, असा विचार केला. म्हातारीच्या हाती काहीतरी लागावं, असाही केला. हा दुसरा विचार मी नंतर बरीच वर्षं स्वतःलाच सबब म्हणून सांगत राहिलो. खरं म्हणजे मला तेव्हा ते हिशोबी वाटलं होतं, शहाणपणाचं. मी दावी तशीच ठेवून वरच्या मजल्यावर गेलो. त्यांचं हंबरणं ऐकू येत होतं. मग येईनासं झालं.

पाणी ओसरल्यावर खालच्या आळीतल्या तबेल्यातल्या सुटलेल्या म्हशी रेल्वेच्या भरावावर रवंथ करत उभ्या होत्या.

तलाठी आणि जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी बिल्ल्यांचे फोटो काढले. डॉक्टरांनी सहज विचारलं, "सोडल्या का नाहीत?"

मी तोंड उघडायच्या आत कळव्याहून परतलेली आत्या म्हणाली, "गेला होता हो सोडायला. पाणी छातीला लागलं. पोरगा वाचला हेच खूप."

मी तिला तसं सांगितलं नव्हतं, तिनेच ते धरून चाललं होतं. मी मान खाली घातली. ती दुःखाने घातली असं समजून डॉक्टरांनी पुढे विचारलं नाही.

मदत आत्याच्या खात्यावर जमा झाली. तिने गावभर सांगितलं की भाच्याने धावपळ केली म्हणून मिळाली. लग्नाकार्यात बायका माझं कौतुक करायच्या. मी पाणी प्यायला उठून जायचो.

यंदा तिने पुन्हा एक म्हैस आणली. आमच्यात नवं जनावर दारात आलं की पहिलं दावं घरातल्या चांगल्या हाताच्या माणसाने बांधायचं. तिने दावं माझ्या हातात दिलं. समोरच्या घरातली वहिनी कुंकवाचं ताट घेऊन उभी होती. माझ्याने बांधवेना. मी तिथेच सांगून टाकलं. पाणी गुडघ्याला होतं, हेसुद्धा.

आत्या म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग माझ्या हातातलं दावं काढून घेऊन तिने स्वतः बांधलं.

"चहा ठेवलाय, घे," मला म्हणाली. आणि वहिनीकडे वळून, "मी घरात नसले न् पाणी आलं, तर तू सोड गो हिला. तुलाच सांगून ठेवते."

वहिनीने माझ्याकडे न बघता हो म्हटलं.