अहल्याक्कांच्या गाडीतला ठक्क

बसवनगुडीतल्या त्या घरात गाडी अहल्याक्का चालवतात आणि गाडीबद्दल बोलतात त्यांचे यजमान, कृष्णमूर्ती. ही वाटणी लग्नापासूनची. कृष्णमूर्तींना गाडी चालवता येत नाही. पण ‘येत नाही’ असं ते म्हणत नाहीत. ‘मी चालवत नाही’ म्हणतात. एखादा कांदा खात नाही, तसं. तरीही पेट्रोल पंपावरचा माणूस असो की सिग्नलवरचा पोलीस, गाडीबद्दल जे काही सांगायचं ते खिडकीत वाकून, स्टिअरिंगवर बसलेल्या अहल्याक्कांच्या नाकासमोरून, शेजारच्या सीटवरल्या कृष्णमूर्तींनाच सांगतात. आणि कृष्णमूर्ती गंभीरपणे मान हलवतात.

अहल्याक्कांचे पूर्वज कधीकाळी घोड्यांवरून दक्षिणेत आले आणि बेंगळुरातच राहिले. परत का गेले नाहीत, कुणाला ठाऊक नाही. ट्रॅफिकमध्ये अडकले असावेत. खुद्द अहल्याक्कांनी उभी नोकरी टेलिफोन खात्यात काढली, लाइनींमधले बिघाड शोधण्यात. फोनमध्ये खरखर आली की त्या लाइन मध्येच तोडून तपासायच्या: खरखर अलीकडे की पलीकडे? मग जो अर्धा भाग आजारी, त्याचा परत अर्धा. असं करत करत त्या नेमक्या सांध्याशी पोचायच्या. खात्यात त्यांना मान होता. मग तारांचे फोनच गेले, अक्का निवृत्त झाल्या आणि त्यांना कसलाही बिघाड विचारायला कुणी येईनासं झालं. लोक आता बिघडलेली वस्तू टाकून देतात आणि त्याला प्रगती म्हणतात.

गाडी मात्र जुनीच होती. लांबलचक, सात माणसांची, इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. एके सकाळी सिग्नल सुटला, अक्कांनी पहिला गिअर टाकून क्लच सोडला आणि खालून आवाज आला: ठक्क.

“रस्ता खराब आहे,” कृष्णमूर्ती म्हणाले. बेंगळुरात हे निदान कधीच चुकत नाही.

पण पुढच्या, गुळगुळीत रस्त्यावरही तो आवाज आला. अॅक्सिलरेटर दाबला की ठक्क, पाय उचलला की ठक्क, रिव्हर्समधून पहिल्यात टाकली तर फारच मोठ्याने. एका वेगात गाडी चालत राहिली तर काहीच नाही. पण एका वेगात गाडी चालणं हा योग या शहरात सणासुदीलाच येतो.

अक्कांचा भाचा यशोवर्धन बेळ्ळंदूरला राहतो. तिकडे पोचेपर्यंत सकाळच्या जेवणाचं आमंत्रण चहाचं होतं. तो संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, म्हणजे सगळ्या विषयांत आहे. त्याने इमारतीच्या तळघरात गाडीचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केला, कसल्याशा अॅपला ऐकवला आणि म्हणाला, “आत्या, ऐंशी टक्के गिअरबॉक्स.”

“आणि उरलेले वीस?”

“डेटा कमी पडतोय.” मग त्याने आपली विजेची गाडी दाखवली. “हिच्यात बिघडण्यासारखं काही नाहीच.” ती त्या वेळी चार्जिंगला लावलेली होती आणि चार्ज होत नव्हती.

पुढची पायरी, एक मोठं, काचेच्या भिंतींचं सर्व्हिस सेंटर. तिथं कॉफी उत्तम मिळाली. गिअरबॉक्सखालचं रबरी माउंटिंग बदललं गेलं आणि आवाजही ताजातवाना होऊन परत आला. शेवटी अक्का आपल्या नेहमीच्या मेकॅनिककडे, प्राणेशकडे गेल्या. प्राणेशने गाडीला एक फेरी मारून आणली आणि कृष्णमूर्तींना म्हणाला, “सार, मागच्या दोन चाकांमधलं डिफरन्शियल गेलं असणार.”

“प्राणेश, गाडी मी चालवते,” अक्का म्हणाल्या.

“हो अक्का,” प्राणेश आदराने म्हणाला, आणि परत वळून, “सार, डिफरन्शियल उघडावं लागेल.”

अक्कांनी पदर खोचला आणि सांगितलं, काहीही उघडायचं नाही; आधी लाइन तोडायची. गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घ्यायला लावली, चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि खड्ड्यात उतरून गिअरबॉक्सपासून मागे जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी पिळून पाहिला. पुढचा सांधा घट्ट. मागच्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी क्रॉस मात्र किंचित खेळत होता. “पलीकडे,” अक्का खड्ड्यातून म्हणाल्या. कित्येक वर्षांत हा शब्द त्यांना उच्चारायला मिळाला नव्हता.

क्रॉस बदलला. तो बदलत असताना अक्कांनी प्राणेशला, चहावाल्याला आणि पंक्चर काढायला आलेल्या एका सद्गृहस्थाला बिघाड शोधण्याचं शास्त्र समजावून सांगितलं. पंक्चर होतं स्कूटरचं, पण ऐकणं भाग होतं.

घरी जाताना पहिल्याच सिग्नलला, पहिल्याच गिअरमध्ये: ठक्क.

कृष्णमूर्ती काहीच बोलले नाहीत. गाडीबद्दल न बोलण्याची त्यांची ही पहिलीच वेळ, आणि अक्कांना ते आवाजाहून जास्त लागलं. दोन दिवस त्या गाडी बाहेर काढेनात. स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवल्यासारखी वाजत होती. “नवी घेऊ या का?” कृष्णमूर्तींनी एकदा धीर करून विचारलं.

“माझं चुकलं म्हणून गाडीला शिक्षा?” अक्का म्हणाल्या. मग पोळी उलटताना स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, “पूर्वी मला लाइनच्या दोन्ही टोकांना माणूस मिळायचा. इथं आवाज करणारीही मीच आणि ऐकणारीही मीच. स्टिअरिंगवर बसून बाहेरून कसं बघणार?”

तेव्हा ठरलं, गाडी प्राणेशने चालवायची आणि अक्कांनी बाहेर उभं राहून बघायचं. गावातल्या रस्त्यावर हे करणं म्हणजे मागून हॉर्नची आरती. प्राणेशच्या मेव्हण्याचं होसकोटेच्या औद्योगिक वसाहतीत बंद पडलेलं एक गोदाम होतं आणि त्याला भलंमोठं कुंपणाचं आवार. रविवारी तिघं तिथं गेली.

प्राणेशने गाडी पुढे घेतली. आवाज नाही. मागे घेतली. नाही. त्याचा पाय असा की क्लच कधी सुटला ते गाडीलाही कळू नये. “अक्का, आवाज गेलाच की,” तो म्हणाला.

“जरा झटक्याने सोड.”

त्याने सोडला, पण चांगल्या सुताराला वाकडा खिळा मारायला सांगितल्यासारखा. गाडी लोण्यातून निघाल्यासारखीच निघाली. मग अक्का आणि प्राणेश दोघांचीही नजर हळूहळू आवारातल्या एकमेव झाडाखाली उभ्या असलेल्या कृष्णमूर्तींकडे वळली.

“मी चालवत नाही,” कृष्णमूर्ती म्हणाले.

“म्हणूनच,” अक्का म्हणाल्या.

बरीच घासाघीस झाली. आपली पाठ, आपला चष्मा, आपली तत्त्वं, सगळं त्यांनी पुढे केलं. शेवटी ते सीटवर बसले. प्राणेशने खिडकीतून तीन पेडल समजावली आणि तो झाडामागे जाऊन उभा राहिला. अक्का गाडीपासून चार हात बाजूला, मागच्या चाकाच्या रेषेत उकिडव्या बसल्या.

कृष्णमूर्तींनी क्लच सोडला. गाडीने शिंगं उगारलेल्या बोकडासारखी उडी मारली, ठक्क म्हणाली आणि बंद पडली.

“आता?” आतून क्षीण आवाज आला.

“परत. मग रिव्हर्स. असंच वाईट चालवा.”

“मी मुद्दाम वाईट चालवत नाहीये, अहल्या.”

पुढे, ठक्क. मागे, ठक्क. इतकं निर्भेळ, इतकं सातत्याने वाईट ड्रायव्हिंग त्या आवाराने पाहिलं नसेल. आणि चौथ्या-पाचव्या उडीला अक्कांना दिसलं: गाडी हलायच्या आधी मागचं चाक एकटंच पेरभर पुढे सरकत होतं. रिव्हर्सला तसंच मागे. चाकाने आपल्या जागी राहायचं असतं. हे चाक शेजारी फिरून येत होतं.

“थांबा,” अक्का म्हणाल्या. कृष्णमूर्ती थांबले. म्हणजे गाडी परत बंद पडली.

अक्का मातीत आडव्या झाल्या आणि खाली डोकावल्या. मागच्या दोन चाकांना जोडणारा अॅक्सल जागेवर धरून ठेवायला गाडीच्या सांगाड्यापासून एक लोखंडी दांडा येतो. त्याच्या टोकाला रबराचा जाड बुश असतो. इथं रबराच्या नावाखाली काळा भुगा उरला होता. इंजिनने जोर लावला की अॅक्सल पुढे, जोर सोडला की मागे, आणि दर वेळी लोखंडावर लोखंड. प्राणेशने पहार अडकवून दांडा हलवला. ठक्क. इंजिन बंद असताना, हाताने, हवं तेव्हा. गिअरबॉक्स, माउंटिंग, डिफरन्शियल, ज्यांच्यावर ज्यांच्यावर आळ आला होता ते सगळे निर्दोष होते. अक्कांचा क्रॉस थोडा दोषी होता, पण या गुन्ह्यात नव्हता.

प्राणेश कपडे झटकत उठला आणि खिडकीशी जाऊन म्हणाला, “सार, सापडलं. बुश गेलाय.”

कृष्णमूर्तींचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर घट्ट होते. “तिला सांग,” ते म्हणाले. “मी ड्रायव्हर आहे.”

अक्का मातीतच हसल्या. बराच वेळ हसत होत्या. उठताना त्यांना प्राणेशचा हात धरावा लागला.

सोमवारी दोन्ही बाजूंचे बुश बदलले आणि आवाज गेला. यशोवर्धनला कळवलं, तेव्हा त्याने लिहिलं की उरलेल्या वीस टक्क्यांत हेच होतं. प्राणेश गिऱ्हाइकांना ही हकीकत सांगतो; त्याच्या सांगण्यात चाक त्याला आधी दिसलं. अक्का ते ऐकतात आणि स्वल्प हसून सोडून देतात. हे मात्र कुणालाच पटत नाही, कारण अक्का सहसा काहीच सोडून देत नाहीत.

पुढच्या शनिवारी जेवताना कृष्णमूर्तींनी विचारलं, “मी फार वाईट चालवली ना?”

“फार.”

त्यांनी आमटीची वाटी पुढे ओढली. मग म्हणाले, “उद्या होसकोटेला जाऊ या?”

“कशाला? आवाज गेला की.”

“आवाजासाठी नाही.”

अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं. क्लच, गिअर, नवे बुश, सगळ्यांचं काय होईल ते त्यांना स्पष्ट दिसत होतं.

“सरी, जाऊ या,” त्या म्हणाल्या. “लवकर निघू. ऊन चढतं तिथं.”