बर्फाची चूल

आमच्या उपकेंद्राच्या नर्स अन्नपूर्णाबाईंच्या तोंडी एक शब्द कायम तयार असायचा. "नाई." साहेबाला नाई, सरपंचाला नाई, लेकराला टोचायचं नाही म्हणून दार लावून बसलेल्या बापाला तर दहादा नाई. मी सोमाजी, त्याच उपकेंद्रावर मलेरियाचं रक्त घेत फिरणारा आरोग्य कर्मचारी. नर्सबाईंच्या हाताखाली नव्हतो, पण त्यांच्या तावडीत होतो. ब्रह्मपुरीकडच्या बौद्ध घरातली बाई. आई दुसऱ्यांच्या बांधीत भाताचा रोवणा करायची आणि लेकीला सांगायची, मान खाली घालायची ती फक्त पुस्तकात. लेकीनं ते जरा जास्तच मनावर घेतलं होतं.

आमचं गाव एटापल्लीच्याही पुढे, रानात. सत्याऐंशी साल. विजेचे खांब आले होते, वीज यायची होती. म्हणून लस ठेवायला गॅसवर चालणारा फ्रिज मिळाला. भाड्याचं मातीचं घर, आणि त्यात हे पांढरंशुभ्र धूड. मागे खाली छोटा बर्नर, त्याची निळी ज्योत सदा पेटलेली, आणि वर बर्फ! गाव बघायला लोटला. "खालतं इस्तू न वरतं बर्फ, हे कोनतं जादू बाप्पा?" आमच्या केंद्रात झाडलोट करणारी सुकरी मात्र हसली नाही. तिनं त्या ज्योतीला हात जोडले आणि नाव ठेवलं, बर्फाची चूल.

तिला हसू न येण्याचं कारण होतं. आदल्या वर्षी तिच्या पाड्यावर गोवर आला. लस एटापल्लीहून बर्फाच्या डब्यात यायची होती. एसटी रस्त्यात बंद पडली, बर्फाचं पाणी झालं, लस फेकावी लागली. पुढची खेप येईस्तोवर सुकरीची नात गेली. दोन वेण्या घालून केंद्रात आजीच्या मागेमागे फिरणारी पोर. ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. फ्रिज आल्यापासून लस गावातच राहू लागली आणि बाजाराच्या दिवशी आसपासच्या पाड्यांवरची लेकरं टोचून घेऊन जाऊ लागली.

आणि दिवाळी झाली न झाली तोच फ्रिज बिघडला. आतल्या थर्मामीटरचा पारा चढू लागला. ज्योत पिवळी, लांबट, थरथरती. धुराड्यात काजळीच काजळी. बर्फ होता तोवर बाईंनी सगळी लस डब्यात भरली आणि डब्यासकट मला एटापल्लीच्या बसमध्ये बसवलं.

तिथं साहित्याचा कारभार गुणवंतरावांकडे. माझं ऐकून त्यांनी पानाची पिंक टाकली. "म्या पयलेच सांगतलो होतो. शुक्रवारी जीप घेऊन येतो न फ्रिज सडकेवरच्या केंद्रात नेऊन ठेवतो. मशिनीचं काम बायांचं नोहे. त्यायनं चूल न मूल सांभाळावं."

परत येऊन मी हे शब्दाला शब्द सांगितले. चुगली करण्यात मला आनंद होतोच, त्यात ही तर हक्काची होती. बाईंच्या नाकपुड्या फुलल्या.

"नेतो म्हंते? नाई."

"पन बाई, बिघडला तं हायेच ना."

"बिघडला तं सुदरवू. हा फ्रिज इथून गेला, का पुन्हा तेच एसटी न तेच पानी झालेला बर्फ. माह्या जिवात जीव हाये तवर नाई."

मग आमची झटापट सुरू झाली. फ्रिज वाकडा उभा असला तरी थंडी धरत नाही, म्हणून आधी वर पाण्याची परात ठेवून पाहिली. सरळ होता. सिलिंडर शेगडीला लावला, शेगडी फुर्रकन पेटली. म्हणजे गॅस होता. जोडांवर साबणाचा फेस लावला, बुडबुडा उठला नाही. ज्या बारीक भोकातून गॅस येतो ते टोक खोलून बाईंनी इंजेक्शनच्या स्पिरिटमध्ये बुडवलं. मी सुई पुढे केली तर माझ्यावरच डाफरल्या, "भोक मोठं करता का? मंग गॅस काय तुमी आवरसान?" बांबूच्या कामटीला चिंधी बांधून धुराडं खरवडलं, बर्नरच्या नळीवरची काजळी-माती पुसली. मातीच्या घरात माती निघायचीच. पेटवलं, तर ज्योत निळी!

सकाळी पाहतो तर पिवळी.

पुन्हा खोलला, पुन्हा पुसला, पुन्हा निळी. दुसऱ्या सकाळी पुन्हा पिवळी. शुक्रवार जवळ येत होता आणि बाईंचा पारा फ्रिजच्या पाऱ्याबरोबर चढत होता. "सोमाजीभाऊ, खरं सांगा, तुमी काई करून राह्यले का?" मी इतका चिडलो की जेवलोसुद्धा नाही.

त्यानंतरच्या सकाळी बाई उजाडायच्या आधी उठून फ्रिजजवळच ठाण मांडून बसल्या. मीही शेजारी बसलो, निदान माझ्यावरचा आळ तरी जावा म्हणून. सुकरी आली. हातात शेणमातीचं टोपलं. जमीन सारवली, भिंतीचा कड सारवला, मग फ्रिजच्या मागे हात घातला आणि बर्नरच्या नळीवरून बोट असं फिरवलं, जसं बाळाच्या टाळूला तेल लावावं. नळीच्या बुडाशी हवा घ्यायची भोकं असतात. ती तिनं एकेक करून नीट बुजवली. आमच्या डोळ्यांदेखत ज्योत पिवळी पडली.

"ओ सुकरीबाई! हे काय करून राह्यली?" बाई किंचाळल्याच.

सुकरी दचकली, पण मागे सरली नाही. दिवाळीला सगळं घर सारवताना फ्रिज पुढे ओढला होता, तेव्हा तिला ही भोकं दिसली होती. "चुलीले भेगा पडल्या होत्या, बाई. रोज लिंपतो, रोज निंगते. माही नात गेली तवा हे चूल नोहोती. आता हाये, तं तिले उघडी-फुटकी कशी ठेऊ?"

बाईंचा राग कुठे गेला कोणास ठाऊक. त्या सुकरीजवळ खाली बसल्या, भोकं मोकळी केली. "पाह्य, हे भेगा नोहे. हे तिचं नाक हाये." बोट ठेवलं, ज्योत पिवळी, काढलं, निळी. मग सुकरीनं स्वतः बोट ठेवून पाहिलं, काढून पाहिलं, आणि नात गेल्यापासून पहिल्यांदा मी तिला हसताना पाहिलं.

धुराडं पुन्हा साफ केलं. असा फ्रिज गार व्हायला पुरा दिवस घेतो, आणि हातात तेवढाच होता. शुक्रवारी सकाळी जीप आली तेव्हा पारा हवा तिथं उतरला होता, वर बर्फ धरला होता. गुणवंतरावांनी थर्मामीटर उलटसुलट करून पाहिला. मग त्यांची नजर सुकरीच्या टोपल्यावर गेली. जमिनीवरची ओली शेणमाती आणि पुसलेला बर्नर, दोन्ही त्यांनी पाहिलं. माणूस बेरकी होता.

"ह्या म्हातारीनं लिंपला ना? हिले आजच काहाडा. नाई तं फ्रिज नेतो."

"मी लिंपला," बाई म्हणाल्या.

"नाई. म्या लिंपली," सुकरी म्हणाली आणि फ्रिजला पाठ लावून उभी राहिली. "माही चूल हाये. नेता तं मले उचलून नेजा."

मलाही चेव चढला. मी दारात आडवा झालो आणि म्हणालो, मी लिंपला.

"तुमीच सांगतले ना साहेब, चूल न मूल सांभाळा म्हनून?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "तेच करून राह्यलो. म्हातारी बी इथीच राहील न चूल बी. आता जीप रिकामी आलीच हाये, तं सोमाजीभाऊले घेऊन जा. लस आनाची हाये."

आणि मी फ्रिज न्यायला आलेल्या जीपमधून, गुणवंतरावांच्या शेजारी मांडी ठोकून, लस आणायला गेलो. वाटभर ते बाहेर पानाच्या पिंका टाकत होते. मला फार गोड वाटलं.

बाजाराच्या दिवशी सुकरी आपला तान्हा नातू घेऊन सगळ्यांच्या पुढे उभी होती. सुई लागली तसं पोरानं केंद्र डोक्यावर घेतलं. मी चूप करायला पुढे झालो, तर सुकरीनं माझा हात झटकला.

"रडू द्या त्याले," ती म्हणाली. "रडाले जित्तं राहा लागते."