सुमनताईंचा नंबर

सुमनताई गेल्याचं मला लायब्ररीत कळलं. त्यांच्या यजमानांचा, मधुकररावांचा फोन आला, "जरा घरी येता का," एवढंच म्हणाले, आणि त्यांच्या आवाजावरून मी काय ते समजले. सकाळी बाजारातून भाजी आणून ताई खुर्चीत टेकल्या, त्या टेकल्याच. संध्याकाळी आमच्या भजनी मंडळाची ईमेल आली, 'मंडळाचा आधारस्तंभ हरपला'. वाचून माझं डोकंच फिरलं. हा आधारस्तंभ सिंगापूरच्या पार उत्तर टोकाला, वुडलँड्सच्या कुठल्या ब्लॉकमध्ये राहतो, हे मंडळात माझ्याखेरीज एकीलाही ठाऊक नव्हतं. मंडाईच्या स्मशानात मात्र सगळ्या झाडून हजर. मंडाई म्हणजे आमच्या शेजारीच, पण त्या दिवशी ते कोणाला लांब पडलं नाही.

सार्सच्या साथीच्या वर्षी आम्ही वुडलँड्सला राहायला आलो. भाडं परवडत होतं, दुसरं कारण नव्हतं. ताई आमच्याच ब्लॉकमध्ये, दोन मजले वर. पहिल्याच रविवारी मला घेऊन निघाल्या आणि एखादीनं माहेर दाखवावं तसं सगळं दाखवलं. स्टेशनाशेजारची लायब्ररी, पोहण्याचा तलाव, पॉलिक्लिनिक, कढीपत्ता बाजूला काढून ठेवणारा भाजीवाला. "हे बघ, पलीकडे ते मलेशिया," म्हणाल्या, आणि तेवढ्यात माझ्या मोबाईलवर मलेशियात स्वागत असल्याचा मेसेज आला. ताई पोट धरून हसल्या. यावरून मंडळात मात्र वेगळं हसू व्हायचं. शहराच्या मध्यावर, न्यूटनच्या उंची कॉन्डोत राहणाऱ्या शैलावहिनी, साहेब बँकेत मोठ्या हुद्द्यावर, दर भेटीत विचारायच्या, "तुमच्याकडे यायला पासपोर्ट लागतो का हो?" आणि बाकीच्या दर भेटीत नव्यानं हसायच्या. विनोदबुद्धी इतकी काटकसरीनं वापरणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

मंडळाचा नियम साधा होता. महिन्याला एकीचा नंबर, तिच्या घरी भजन, तिच्या हातचं जेवण, आणि शेवटी घरच्या बाईची ओटी भरायची. ताईंचा नंबर आला की शैलावहिनींचा फोन ठरलेला. "अहो, एवढ्या लांब कोण येणार? तुमचा नंबर माझ्याकडेच करू या. फंक्शन रूम आहे, एसी आहे." काय ते औदार्य. "स्टेशनापासून जवळच आहे हो," ताई दर वेळी सांगून पाहायच्या, पण तिकडे सगळं ठरलेलं असायचं. मग ताई पहाटे उठून सगळ्यांसाठी मसालेभात करायच्या, मोठं पातेलं मधुकररावांच्या हातानं बाजारच्या ट्रॉलीवर चढवून जुन्या साडीच्या चिंधीनं बांधायच्या आणि एमआरटीच्या मेट्रोनं न्यूटनला न्यायच्या. मठ्ठ्याची बरणी माझ्याकडे. गेटवरचा वॉचमन विचारायचा, "डिलिव्हरी?" ताई हसून मान हलवायच्या आणि स्वतःच्याच कार्यक्रमाला पाहुणी म्हणून वहीत नाव लिहायच्या. जेवणं व्हायची, भाताचं तोंडभर कौतुक व्हायचं, आणि ओटी भरली जायची शैलावहिनींची. का, तर घर त्यांचं.

एकदा परतीच्या गाडीत मी म्हटलं, "ताई, तुम्ही ठणकावून बोलत का नाही?" रिकामं पातेलं दोन पायांत धरून त्या बसल्या होत्या.

"बोलून भजन होतं का गं मेधा..." म्हणाल्या. "पण एकदा तरी माझ्या घरात टाळ वाजले पाहिजेत. तेवढं झालं की मी काही मागणार नाही."

न्यूटनपासून वुडलँड्सला एकच लाल लाईन आहे. गाडीसुद्धा बदलावी लागत नाही. याच बायका साड्यांच्या सेलसाठी तीन गाड्या बदलून बेटाच्या दुसऱ्या टोकाला जायच्या.

ताईंचे दिवस झाले आणि शैलावहिनींचा मधुकररावांना फोन आला. मी तिथेच होते. त्यांनी स्पीकर लावला. "भावजी, ताईंसाठी भजन ठेवायचं म्हणतोय आम्ही. माझ्या फंक्शन रूममध्येच करू, सगळ्यांना सोयीचं. मेधाला सांगा ना, तेवढा मसालेभात करून आणायला." माझ्या तोंडात काय काय आलं ते इथे छापण्यासारखं नाही. पण ज्यांनी जन्मात कुणाला वरच्या आवाजात उत्तर दिलं नाही, ते मधुकरराव म्हणाले, "वहिनी, नंबर तिचा आहे. तिच्या घरी होईल. ज्यांना लांब पडेल त्यांनी येऊ नये." आणि फोन ठेवून चष्मा पुसत बसले.

गेल्या शनिवारी झालं भजन. निम्म्या बायका आल्या. बाकीच्यांना बरं नव्हतं, साथच आली असावी. शैलावहिनी दारात चपला काढता काढता म्हणाल्या, "अगंबाई, स्टेशनपासून इतकं जवळ आहे? आधी सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "दर नंबराला."

त्या आत येऊन बसल्या. टाळ वाजले. ओटीचा नारळ ताईंच्या फोटोपुढे ठेवला. मग मी आणि मधुकरराव स्वयंपाकघरात गेलो. ट्रॉली दाराआड उभी होती, साडीची चिंधी अजून तिला बांधलेलीच. मधुकररावांचा हात सवयीनं तिच्याकडे गेला... आणि थांबला. मसालेभाताच्या पातेल्याचा एक कान त्यांनी धरला, एक मी धरला, आणि आम्ही ते बाहेर हॉलमध्ये नेऊन ठेवलं. तेवढंच अंतर होतं.