बाबांच्या घशाखाली न उतरलेली अदब

पुणेकरहो, एक गंभीर निवेदन: या शहरात एकदा हॉटेलवाल्यांनी आम्हाला चक्क हसून जेवायला वाढलं होतं!

आज फुलक्यावरच्या तुपाचा वास आला आणि धायरीच्या रस्त्यावरचं ते नवं हॉटेल आठवलं. आयटीतल्या माझ्या पहिल्या पगाराचं रविवारचं जेवण होतं. बाबांनी एकदा तरी ‘छान’ म्हणावं, एवढीच माझी अपेक्षा होती. वेटरनं खुर्ची ओढून दिली, न मागता पाणी भरलं, टम्म फुगलेला फुलका अलगद वाढला. एरवी मंडईजवळच्या खाणावळीत मालकाची बोलणी खात जेवणारे बाबा हातात घास धरून अवघडून बसले. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज मात्र तो चेहरा आठवला की हसू आवरत नाही.

वेटरनं वाकून विचारलं, “काका, आणखी काय आणू?”

बाबा काकुळतीनं म्हणाले, “अहो, सगळं छान आहे, पण जरा खेकसा ना माझ्यावर, घास उतरत नाहीये!”