हा करा बघू

माझ्या थोरल्या भावाचं चष्म्याचं दुकान रोज सकाळी एका परीक्षेनंतर उघडायचं. दादा कुलूप काढायचा, शटरला हात घालायचा, आणि वहिनी त्याची कॉलर नीट करत म्हणायची, "हा करा बघू." दादा तोंड उघडून तिच्या नाकावर श्वास सोडायचा. पास झाला तर शटर वर. कांद्याचा किंवा चोरून ओढलेल्या सिगारेटचा मागमूस लागला, की ती नाक मुरडायची. "लोकांच्या नाकासमोर नाक धरून काम करायचं, आणि हे असं? आधी चूळ भरा."

"अगं, रस्त्यात काय हे!" दादा कुरकुरायचा, आणि चूळ भरायचा.

काम होतंच तसं. दादा फ्रेमची काडी गरम करून वाकवायचा, गिऱ्हाइकाच्या कानामागे दोन बोटं घालून अंदाज घ्यायचा, नाकावरचं टेकण कणभर आत घ्यायचा. वहिनी शेजारच्या स्टुलावर बसून हातातला आरसा गिऱ्हाइकासमोर धरायची आणि स्वतःचंच नुकसान करायची. "ही नको हो. हिच्यात तुम्ही रागावल्यासारखे दिसता."

"माझं गिऱ्हाईक फितवतेस," दादा म्हणायचा.

वहिनी गेली ती चार दिवसांच्या तापात. संध्याकाळी देवापुढे बसून झालं, की वहीत चार ओळी लिहायची माझी सवय आहे. ती गेल्यानंतरच्या दोन वर्षांत दादासाठी माझं एकच मागणं असायचं. त्याचं दुकान चालू राहू दे. त्या दुकानाबाहेर त्याला दुसरं जगच उरलं नव्हतं.

गेल्या वर्षी माझा चष्मा सैल झाला म्हणून मी दुकानात गेले, तर काचेवर कागद चिकटवलेला. दुकान विकणे आहे.

"दादा, हे काय?"

"हात गेला माझा, चिमे." चष्मा पुसत, माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "माणसं मान मागे घेतात. पूर्वी या खुर्चीत एकेकाला डुलकी लागायची. आता काडी कानामागे घालायला गेलो, की जणू मी कानच कापणार आहे. मुलगा बोलावतोय त्याच्या गावी. जाईन. बसेन तिथे खिडकीत."

"असा कसा जाईल हात?"

"गेला. जातो एकेकाचा."

एवढ्यात शेजारच्या घड्याळजींनी मला हाताने खुणावलं. दादाचा आणि त्यांचा तीस वर्षांचा शेजार, रोज भांडणारा. त्यांच्या टेबलावर घड्याळांच्या गर्दीत चार चष्मे पडले होते.

"हे बघा ताई, तुमच्या दादाचं गिऱ्हाईक. चष्मा त्याच्याकडून घेतात आणि स्क्रू आवळायला माझ्याकडे येतात. मला कानानाकाचं काय कळतंय? परवा एकाला असा बसवून दिला, बिचारा आकाशाकडे बघत घरी गेला."

"पण तुमच्याकडे का येतात?"

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि एका घड्याळात मान घातली. "मी काय सांगणार? तुम्ही बहीण आहात. बसा एकदा त्याच्यासमोर."

मी जाऊन खुर्चीत बसले. दादा वाकला. आधी लवंगेचा वास आला. लवंगेच्या मागून दुसरा, फुलदाणीतलं पाणी बरेच दिवस बदललं नाही की येतो तसा. माझी मान आपोआप मागे गेली.

"बघ," दादा म्हणाला. "तूसुद्धा."

त्याचा हात कुठेच गेला नव्हता. हा करायला सांगणारी गेली होती. असली गोष्ट तोंडावर सांगायला हक्काचं माणूस लागतं, आणि दोन वर्षं त्याच्या इतक्या जवळ कुणी उभंच राहिलं नव्हतं. पण थोरल्या भावाला हे सांगायचं कसं? जीभ रेटेना. देवा, म्हटलं, वहिनीचा आगाऊपणा मला दे, एवढ्यापुरता.

"दादा, हा कर बघू."

तो बघतच राहिला. ते शब्द त्या दुकानाने किती दिवसांनी ऐकले होते! त्याचे डोळे भरले. मग शहाण्या मुलासारखं त्याने तोंड उघडलं.

"वास येतोय रे. लवंगेनं झाकत नाहीये."

"लोक म्हणून…?"

"म्हणूनच."

स्टुलावर वहिनीचा आरसा होता. मी तो त्याच्यासमोर धरला, त्याने ओठ खाली ओढला. हिरड्या काळपट लाल, सुजलेल्या. दात लांब दिसत होते आणि खालच्या दोन दातांत नवीच फट पडली होती.

"ब्रश लावला की रक्त यायचं," तो म्हणाला, "म्हणून त्या बाजूला हल्ली ब्रश लावतच नाही. आणि हा एक हलतो." जिभेने ढकलून त्याने दाखवला. "पण दुखत नाही गं. दुखलं असतं तर गेलो नसतो का दाखवायला?"

दुसऱ्या दिवशी त्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आमच्या मुलांच्या वयाची असेल. बारीक सळईने एकेका दाताभोवतीची खोली मोजत ती म्हणाली, "हिरडी दातापासून सुटलीय काका, खिसे झालेत. तुम्ही ब्रश सोडलात त्या बाजूला जास्त. रक्त येतं म्हणून घासणं सोडायचं नसतं. मऊ ब्रश, हलका हात. आणि आठवडा-दोन आठवड्यांत थांबलं नाही, तर सरळ दाखवायला यायचं."

"पण दुखत नव्हतं हो."

"हिरड्या बहुधा दुखत नाहीत. गुपचूप जातात. आता दात हलतोय, हिरडी सरकलीय, दाबलं की पू येतोय. एवढ्यावर माझी नुसती सफाई पुरायची नाही. हिरड्यांचे वेगळे तज्ज्ञ असतात, चिठ्ठी देते. याच आठवड्यात जा. रक्तातली साखरही तपासून घ्या, ती वाढली असली तर हिरड्या लवकर ऐकत नाहीत. सिगारेट?"

दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "सोडली होती. ही… हिची वहिनी गेल्यावर परत धरली."

"परत सोडा."

तिने डोक्यावरचा दिवा बाजूला केला तरी दादा खुर्चीतून उठेना. छताकडे बघत हळूच म्हणाला, "चिमे, ती गेल्यापासून इतक्या जवळून कुणी बघितलंच नव्हतं माझ्याकडे." पोरगी गुणाची. पाठ फिरवून हात धूत बसली.

तज्ज्ञांनी हिरडी बधिर करून, एकेक बाजू घेत, आतपर्यंत साफ केली. हलणारा दात वाचला नाही. त्याच्या शेजारचे हळूहळू धरले. "झालेली झीज भरून येईल असं नाही," ते म्हणाले, "पण इथेच थांबवू. दर तीन महिन्यांनी यायचं." या सगळ्या दिवसांत काचेवरचा कागद तसाच होता. मी जाता-येता त्याच्याकडे बघायची.

एकदा सकाळी मी दुकानावरून चालले होते. कुलूप काढलेलं, शटर खाली, आणि दादा हातात किल्ली घेऊन उभा.

"किती उशीर," तो म्हणाला. आमचं काही ठरलेलं नव्हतं.

त्याने डोळे मिटले, तोंड उघडलं. "हाऽऽ."

"पास."

"नक्की? तू बहीण, गुण वाढवून देशील. ती नाही द्यायची."

"ती असती तर आधी कॉलर नीट केली असती," मी म्हटलं आणि त्याची कॉलर नीट केली. शटर वर गेलं. आत जाऊन त्याने नखाने काचेवरचा कागद खरवडला. एक कोपरा काही केल्या निघेना, तो राहिला.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते एक मिशीवाले मास्तर. दादा वाकला, कानामागे दोन बोटं घातली. मास्तरांची मान जागची हलली नाही. उलट त्यांनी डोळे मिटले, आता घोरतील की काय असे. दादाने काडी बसवली आणि मान न वळवता, सवयीने, स्टुलाकडे हात करून म्हणाला, "दाखव गं त्यांना."

हात तसाच हवेत राहिला. आम्ही दोघंही रिकाम्या स्टुलाकडे बघत होतो. मास्तर चष्मा लावून वाट बघत होते.

मग मी आरसा उचलला आणि त्यांच्यासमोर धरला.